नवी इलेक्ट्रिक गिटार घेतलीत? नॉब, स्विच आणि आतल्या वायरिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नव्या गिटारबरोबर खोक्यात ट्रेमोलोचा दांडा येतो, अॅलन की येते, कधी एखादी बारीकशी केबलही येते. कुठला नॉब काय करतो हे सांगणारा कागद मात्र बहुतेक वेळा येत नाही. मग माणूस सगळे नॉब दहावर ठेवतो आणि वर्षभर त्यांना हात लावत नाही. खालची उत्तरं मुख्यतः स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि लेस पॉल या तिघींना धरून आहेत, कारण दुकानात टांगलेल्या बहुतेक गिटारी यांच्यापैकीच कुणाच्या तरी वळणावर गेलेल्या असतात.

दुकानात गिटार बघताना वायरिंगचं काय तपासायचं?

आधी डिस्टॉर्शन बंद करायला सांगा. दुकानदार कौतुकाने ते चालू करून देतो आणि त्या गोंगाटात सगळे दोष झाकले जातात. साध्या, स्वच्छ आवाजात स्विचच्या प्रत्येक जागेवर एकेक तार छेडा. प्रत्येक नॉब शून्यापासून दहापर्यंत सावकाश फिरवा. मध्येच खरखर येते का, आवाज सगळा शेवटच्या टोकाशीच एकदम उसळतो का, ते ऐका. केबल लावलेल्या जागी जॅक किंचित हलवून बघा. आवाज तुटला तर तिथेच सांगा. नवीन गिटारमध्ये सैल जॅक निघणं अजिबात दुर्मिळ नाही.

पिकगार्डवर, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर, हात घासल्यावर चटचट आवाज आला तर घाबरू नका. वरचं संरक्षक प्लास्टिक काढलेलं नसतं किंवा नुकतंच काढलेलं असतं आणि स्थिर वीज साचलेली असते. कोरड्या हवेत हे जास्त होतं, पावसाळ्यात सहसा होत नाही.

एक व्हॉल्यूम आणि दोन टोन आहेत. कुठला टोन कशाचा?

ही स्ट्रॅटोकास्टरची जुनी मांडणी. पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं कंपन पकडणारा भाग; नेक म्हणजे गिटारची मान, ब्रिज म्हणजे तारा जिथे बॉडीवर टेकतात ती जागा. १९५४ साली फेंडरने ही गिटार आणली तेव्हापासून पहिला टोन नेकजवळच्या पिकअपचा आणि दुसरा मधल्याचा. ब्रिजजवळच्या पिकअपला टोनच नाही! म्हणजे तिघांतला जो सगळ्यात टोकदार, कानाला बोचणारा, त्यालाच लगाम नाही. आजही कित्येक गिटारी अशाच येतात. अलीकडच्या पुष्कळ मॉडेलांत दुसरा टोन ब्रिजलाही जोडलेला असतो, पण कोणत्या मॉडेलमध्ये काय केलंय ते नावावरून कळत नाही. सोपी परीक्षा आहे: स्विच ब्रिजवर ठेवा, एकेक टोन शून्यावर आणा आणि ऐका. कशानेच फरक पडला नाही तर तुमची गिटार जुन्या पद्धतीची.

जुनी असेल आणि ब्रिजचा आवाज सहन होत नसेल, तर स्विचच्या टोनकडच्या बाजूला ब्रिजचा लग (वायर जोडायची धातूची जीभ) आणि मधल्या पिकअपचा लग एका छोट्या वायरने जोडायचा. सोल्डरचे दोन डाग, पाच मिनिटं. स्ट्रॅटमध्ये करण्यासारखा पहिला बदल कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो. नवे पिकअप घ्यायचा विचार नंतर.

पाच जागांचा स्विच कसा मोजायचा?

फेंडरच्या मोजणीत पहिली जागा ब्रिजची आणि पाचवी नेकची. तिसऱ्या जागेवर एकटा मधला पिकअप, दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर शेजारचे दोन एकत्र. मुळात स्विच तीनच जागांचा होता. वादकांच्या लक्षात आलं की तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला की एक वेगळाच पोकळ, टुणटुणीत आवाज येतो. मग आगपेटीची काडी घुसवण्यापासून सगळे उद्योग सुरू झाले. फेंडरने पाच जागांचा स्विच कारखान्यातून द्यायला १९७७ साल उजाडलं.

ब्रिजला हम्बकर, म्हणजे दोन कॉइलींचा (तारेच्या वेढ्यांचा) पिकअप, असलेल्या गिटारीत दुसऱ्या जागेवर हम्बकरची एकच कॉइल मधल्या पिकअपबरोबर जोडण्याची पद्धत बऱ्याच कंपन्या पाळतात. दोन्ही टोकांना हम्बकर असलेल्या आयबानेझसारख्या गिटारींमध्ये मधल्या जागांची जोडणी मॉडेलनुसार बदलते, तिथे कंपनीचा आराखडा बघितल्याशिवाय अंदाज बांधू नका.

लेस पॉलला चार नॉब आहेत. मधल्या जागेवर एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप बंद होतात. गिटार बिघडली का?

नाही. ती तशीच जोडलेली असते.

लेस पॉलमध्ये प्रत्येक पिकअपला स्वतःचा व्हॉल्यूम आणि स्वतःचा टोन. पिकअपची गरम, म्हणजे आवाज वाहून नेणारी, वायर व्हॉल्यूमच्या एका बाजूच्या लगला येते, दुसऱ्या बाजूचा लग ग्राउंडला, आणि मधल्या लगवरून आवाज स्विचकडे जातो. स्विच मधे असताना दोन्ही व्हॉल्यूमचे मधले लग एकमेकांना जोडले जातात. आता त्यातला एक शून्यावर नेला की त्याचा मधला लग थेट ग्राउंडला टेकतो आणि जाताना दुसऱ्याचाही आवाज घेऊन जातो.

काही जण मधला आणि बाजूचा लग यांची अदलाबदल करून दोन्ही व्हॉल्यूम स्वतंत्र करून घेतात. होतं, पण मग व्हॉल्यूम थोडा जरी कमी केला तरी पिकअपवर भार पडून आवाज मातकट होतो. मला तो सौदा पटत नाही. शिवाय एक नॉब शून्यावर आणि दुसरा दहावर ठेवून स्विच झपाझप हलवला की आवाज तुटक-तुटक येतो, ही लेस पॉलवाल्यांची लाडकी गंमत दोन्ही जोडण्यांत शाबूत राहते, त्यामुळे तिची काळजी नको.

आणि टेलिकास्टर?

सगळ्यात साधी. एक व्हॉल्यूम, एक टोन, तीन जागांचा स्विच: ब्रिज, दोन्ही, नेक. १९५० मध्ये ब्रॉडकास्टर नावाने आलेली ही गिटार १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली. आपण आज जी जोडणी ‘टेलिची’ म्हणतो ती मात्र १९६७ च्या सुमाराची. त्याआधी स्विचच्या एका जागेवर नेक पिकअप मुद्दाम कॅपॅसिटरमधून काढून बाससारखा घुमा केलेला असे. वायरिंग शिकायला घरात टेलि असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. दोन स्क्रू काढले की नॉब-स्विचची अख्खी पट्टी हातात येते.

नॉब आत नेमकं काय करतात? दहाच्या पुढे आवाज वाढवता येईल का?

साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या गिटारमध्ये एकही नॉब काहीही वाढवत नाही. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंपन पावली की वेढ्यांत क्षीण वीज तयार होते. जे काही मिळायचं ते इथेच. पुढचा प्रत्येक भाग त्यातलं काहीतरी कमीच करतो.

व्हॉल्यूमचं पॉट म्हणजे एक रोधक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा संपर्क. टोनला पॉटबरोबर एक कॅपॅसिटर असतो. कॅपॅसिटरमधून तीव्र, पातळ आवाज सहज निघून जातो, खर्जाला तो अडवतो. टोनचा नॉब म्हणजे तीव्र आवाजासाठी काढलेली मोरीची वाट. दहावर तोंड जवळपास बंद, शून्यावर सताड उघडं. म्हणून टोन शून्यावर नेला की आवाज बंद न होता नुसता गोल आणि जाड होतो.

‘जवळपास’ म्हटलं ते जाणूनबुजून. दहावरसुद्धा पॉटचा थोडा भार पिकअपवर राहतोच. फेंडर काही गिटारींत ‘नो-लोड’ पॉट देतं, ते दहावर गेलं की सर्किटमधून पूर्ण सुटतं. असं पॉट असेल तर नऊ आणि दहा यांच्यात आवाज एकदम उजळतो. तो बिघाड नाही.

२५०के आणि ५००के यात फरक काय?

के म्हणजे किलोओम. रूढ पद्धत अशी की सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्या पिकअपला) २५०के, हम्बकरला ५००के. आकडा जितका मोठा तितका पिकअपवरचा भार कमी आणि आवाज उजळ. सिंगल कॉइल मुळात झळझळीत, तिला २५०के थोडं आवरतं. हम्बकर मुळात जाड, त्याला ५००के मोकळं करतं. जॅझमास्टर ही १९५८ ची गिटार याला अपवाद, तिच्यात १ मेगओमची पॉट असतात.

एकाच गिटारमध्ये हम्बकर आणि सिंगल कॉइल दोन्ही असतील तर काहीतरी तडजोड करावी लागते. मी ५००के घेऊन सिंगल कॉइल वाजवताना टोन आठवर आणतो. उलट करता येत नाही; २५०केने खाल्लेला उजळपणा नॉब फिरवून परत मिळत नाही.

पॉटवर ‘ए’ आणि ‘बी’ लिहिलेलं असतं ते काय?

बी म्हणजे लिनिअर: नॉब अर्धा फिरवला की रोध अर्धा. ए म्हणजे ऑडिओ टेपर, कानाला पटेल अशा चढाचं. आपल्या कानाला आवाजाची वाढ सरळ मोजमापाने जाणवत नाही, म्हणून बी पॉट व्हॉल्यूमला लावलं तर दहापासून तीनपर्यंत फारसं काही होत नाही आणि मग आवाज कडेलोट झाल्यासारखा जातो. सामान्य इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसतं ‘५००के’ मागितलं तर बी पुढ्यात येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा ‘ए’ असं बजावून सांगा आणि घरी आणण्याआधी पाठीवर छापलेलं वाचा.

दुसरी अडचण दांड्याची. अमेरिकी मापाच्या पॉटच्या दांड्याला २४ बारीक खाचा असतात, आशियाई मापाच्या पॉटला १८ जाड. एकाचा नॉब दुसऱ्यावर नीट बसत नाही, आणि जोर लावला की नॉबच तडकतो. पिकगार्डचं भोकही दोघांचं सारखं नसतं. जुनं पॉट खिशात घेऊनच दुकानात जा.

कॅपॅसिटर बदलल्याने आवाज सुधारतो का? तेलात बुडवलेले कागदी, जुने, महागडे असे विकायला दिसतात.

आवाज ठरतो तो कॅपॅसिटरच्या मूल्यावर. ०.०२२ मायक्रोफॅरड हम्बकरला, ०.०४७ सिंगल कॉइलला ही नेहमीची मापं. १९५० च्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये ०.१ असायचे. मूल्य जितकं मोठं तितका टोन शून्यावर आल्यावर आवाज जास्त दबतो. टोन दहावर असताना फरक जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्याचा टोन वर्षानुवर्षं दहावर आहे त्याने महागडा कॅपॅसिटर बसवणं म्हणजे नुसती हौस. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण तिला सुधारणा म्हणू नका.

विकत घेताना: साध्या पॉलिएस्टर कॅपॅसिटरवर २२३ छापलेलं असेल तर ०.०२२, ४७३ म्हणजे ०.०४७, १०४ म्हणजे ०.१. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुठेही किरकोळ पैशांत मिळतात. दोन-तीन मूल्यं घ्या, मगर-चिमट्यांनी तात्पुरती जोडून कानाने ठरवा.

व्हॉल्यूम सातवर आणला की आवाज कमी होतो तसा बोजडही होतो. का?

केबलमुळे. गिटारची केबल स्वतःच एक छोटा कॅपॅसिटर असते, साधारण मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. व्हॉल्यूम कमी केला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये पॉटचा रोध येतो आणि केबल तीव्र आवाज गिळायला लागते. सहा मीटरच्या केबलने हे तीन मीटरच्या केबलपेक्षा जास्त जाणवतं, तेव्हा आधी छोटी केबल लावून बघा.

उपाय दोन. पहिला ‘ट्रेबल ब्लीड’: व्हॉल्यूमच्या येणाऱ्या लगपासून मधल्या लगपर्यंत एक नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर आणि त्याला समांतर १५०केचा रेझिस्टर. तीव्र आवाज या आडवाटेने निसटतात. नुसता कॅपॅसिटर लावला तर कमी व्हॉल्यूमला आवाज किरटा होतो, म्हणून रेझिस्टर हवाच. दुसरा उपाय लेस पॉलवाल्यांचा, ‘फिफ्टीज वायरिंग’ म्हणून ओळखला जाणारा: टोनचा कॅपॅसिटर व्हॉल्यूमच्या येणाऱ्या लगऐवजी मधल्या, जाणाऱ्या लगला जोडायचा. एकही नवा भाग लागत नाही, फक्त एक डाग हलतो. याची किंमत म्हणजे व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांत थोडी लुडबूड करतात. मला ती लुडबूड आवडते. ज्यांना दोन्ही नॉब शिस्तीत हवेत त्यांनी ट्रेबल ब्लीड घ्यावा.

गिटार लावली की हमिंग येतं. वायरिंग चुकलंय का?

तारांना हात लावा. हमिंग कमी झालं तर वायरिंग ठीक आहे. ब्रिजखालून, किंवा स्ट्रॅटमध्ये मागच्या स्प्रिंगच्या पंजावरून, एक वायर ग्राउंडला आलेली असते. तुमचं शरीर आसपासची विजेची कुजबुज झेलत असतं, ते तारांमार्गे ग्राउंडला जोडलं जातं आणि आवाज शमतो. हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकवर गरम आणि ग्राउंड या दोन वायरी उलट लागलेल्या असण्याचा संशय घ्या. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजची वायर तुटलेली असते.

सिंगल कॉइलचं थोडं हमिंग हा तिचा स्वभाव. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचं चुंबकीय क्षेत्र ती पकडतेच. यावर तोड म्हणून गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइलींचा हम्बकर तयार केला आणि १९५७ पासून तो लेस पॉलमध्ये बसू लागला. आजच्या स्ट्रॅटमध्येही बहुधा मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा असतो, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हमिंग गायब होतं.

आतून तांब्याचा पत्रा लावून शिल्डिंग केल्याने बझ, म्हणजे बारीक चरचर, कमी होतो, पण तो पत्रा ग्राउंडला जोडलेला असेल तरच. आणि चुंबकीय हमिंग त्यानेही जात नाही. शिल्डिंग केल्यावर ‘काहीच फरक नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण याच हमिंगबद्दल बोलत असतात. पैसे खर्च करण्याआधी खोलीतला पंखा बंद करून बघा. गोल फिरणारे जुने इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर जबरदस्त बझ देतात. मग मोबाइलचा चार्जर काढा, मग कॉम्प्युटरपासून तोंड फिरवून बसा. बसायची दिशा बदलूनही फरक पडतो.

तारांना हात लावला की झिणझिण्या येतात, माइकला ओठ लागला की शॉक बसतो. काय करावं?

वाजवणं थांबवा आणि अॅम्प्लिफायरचा प्लग बोर्डातून काढा. ही गंमत नाही.

गिटारमध्ये शॉक बसण्याइतकी वीजच नसते, ती अॅम्प्लिफायरकडून येते. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून अॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात आणि पेटी अर्थिंगला. अर्थिंग नसेल तर पेटीवर उतरलेली वीज जमिनीत जायला तुमच्यातून वाट काढते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत बोर्डाला तीन भोकं असतात पण तिसऱ्यामागे वायर नसते, हे सर्रास दिसतं. गणपतीच्या मांडवात जनरेटरवर तर गिटारचा अॅम्प एका फेजवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या फेजवर असू शकतो. अशा वेळी अर्थिंग नसेल तर एक हात तारांवर आणि ओठ माइकवर म्हणजे जिवाशी खेळ.

इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. हमिंग जावं म्हणून अॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढणं किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणं, हे कुणीही, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी करू नका. आणि व्हॉल्व्हचा अॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आतले कॅपॅसिटर भारलेले राहतात.

आवाज अचानक गेला किंवा जातो-येतो. गिटार न उघडता दोष शोधता येतो का?

येतो. आधी दुसरी केबल लावा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. मग साधा मल्टिमीटर घ्या. केबल गिटारमध्ये लावा, दुसरं टोक हातात धरा, मल्टिमीटर २० किलोओमवर ठेवून एक काडी प्लगच्या टोकाला आणि दुसरी मागच्या नळीला लावा. व्हॉल्यूम दहावर, स्विच एकाच पिकअपवर.

सहा किलोओमचा सिंगल कॉइल असेल तर ५.९ च्या आसपास आकडा दिसेल, कारण पॉटही समांतर जोडलेलं असतं. हम्बकर सात-आठच्या घरात. स्ट्रॅटच्या दुसऱ्या जागेवर दोन पिकअप समांतर म्हणून आकडा जवळपास निम्मा, तीनच्या आसपास. शून्य दिसलं तर कुठेतरी गरम वायर ग्राउंडला चिकटलीय. आकडाच आला नाही तर मोठ्या मापावर जा: तिथे २५० किंवा ५०० दिसलं तर पॉटपासून जॅकपर्यंत सगळं धड आहे, पिकअप किंवा त्याची वायर तुटलीय. मोठ्या मापावरही काहीच नाही तर जॅक. स्विच हलवत हलवत हे आकडे वहीत लिहून ठेवा, नवीन गिटारचे तर नक्कीच. पुढे कधी बिघडली की तुलनेला हाताशी असतात.

जॅकचा दोष बहुतेक वेळा आपणच वाढवतो. बाहेरचं नट सैल झालं की आपण पान्याने आवळतो, नटाबरोबर आतला जॅकही गरगर फिरतो आणि मागच्या दोन वायरी पिळवटून तुटतात. प्लेट काढा, आतला जॅक बोटांनी घट्ट धरा, मग नट आवळा.

नॉब फिरवताना खरखर येते.

कोकणात, मुंबईत, गोव्यात दोन पावसाळ्यांत येणारच. पॉटच्या पाठीला लगच्या वर जी फट असते तिच्यातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. स्विचलाही तेच. दाराच्या बिजागरीचं तेल मारू नका, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात खरखर दुप्पट होते.

टोनचा नॉब वर ओढला जातो. हा कशासाठी?

तो पुश-पुल. पॉटखाली एक स्विच चिकटवलेला असतो. बहुतेक गिटारींत तो ‘कॉइल स्प्लिट’साठी असतो: ओढला की हम्बकरची एक कॉइल बंद होते आणि आवाज सिंगल कॉइलसारखा पातळ होतो. यामाहा पॅसिफिका ११२व्ही या नवशिक्यांच्या आवडत्या गिटारमध्ये असाच आहे. पातळ आवाजाबरोबर हमिंगही परत येतं, त्याला इलाज नाही.

स्वतः करायचं तर हम्बकरला चार वायरी हव्यात. रंग मात्र कंपनीगणिक वेगळे. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी गरम, पांढरी आणि लाल एकत्र, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल गरम, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाचा आराखडा घेऊन दुसरा जोडू नका.

दोन पिकअप एकत्र केले की आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

दोघे ‘आउट ऑफ फेज’ आहेत. एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली येते आणि खर्ज आपसात कापला जातो. सिंगल कॉइल असेल तर एका पिकअपच्या दोन वायरी उलट करा. टेलिच्या नेक पिकअपला मात्र धातूचं झाकण असतं आणि ते ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं. तो दुवा आधी तोडून झाकणाला वेगळी ग्राउंड वायर द्यावी लागते, नाहीतर झाकण गरम बाजूला जाऊन भरपूर बझ येतो. चार वायरींच्या हम्बकरला गरम आणि ग्राउंडच्या वायरी अदलाबदल करायच्या, उघडी तार होती तिथेच.

सगळ्यांनाच तो आवाज नकोसा असतो असंही नाही. फ्लीटवुड मॅक या बँडच्या पीटर ग्रीन यांच्या लेस पॉलचा नाकातला, हळवा आवाज नेक पिकअपचा चुंबक उलटा बसल्यामुळे होता.

गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आहे, आणि ती सारखी उतरते.

म्हणजे तुमचे पिकअप ‘अॅक्टिव्ह’ आहेत, इएमजीसारखे. अशा गिटारचा जॅक स्टिरिओ असतो आणि केबल आत घातली की बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. चालू-बंदचं बटण नसतं, केबलच बटण. वाजवून झालं की केबल काढा. रात्रभर लावून ठेवू नका. यातली पॉट २५केची असतात, त्यामुळे साधे पिकअप बसवायचे झाले तर पॉटही बदलावी लागतात.

घरी अॅम्प नाही, ऑडिओ इंटरफेसला लावतो. आवाज मेलेला वाटतो.

इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असं बटण शोधा आणि दाबा. गिटारला १ मेगओमच्या आसपासचं इनपुट लागतं. लाइन इनपुटचा भार त्या मानाने फार जास्त असतो, तीव्र आवाज जागीच दबतात.

सोल्डरिंग कधी केलेलं नाही. जमेल का? काय काय लागेल?

जमेल, पण गिटारवर शिकू नका. एक जुनं पॉट आणि वायरचे तुकडे घेऊन एक संध्याकाळ त्यावर घालवा. ४० वॉट किंवा जास्त ताकदीची, चपट्या टोकाची सोल्डरिंग आयर्न घ्या. २५ वॉटची लग तापवते, पण ग्राउंडच्या वायरी ज्या पॉटच्या पाठीवर लावायच्या असतात ती पाठ तिला तापत नाही. मग माणूस मिनिटभर धरून बसतो आणि आतली पट्टी जळते. सोल्डर ६०/४०, आत राळ असलेलं. नळकामाचं अॅसिड फ्लक्स वापरू नका. पॉटची पाठ सँडपेपरने किंचित खरवडा, आधी भाग तापवा, मग सोल्डर लावा, तीन-चार सेकंदांत बाहेर या. डाग चकचकीत आणि पसरट दिसला पाहिजे. मातकट गोळी नुसतीच बसलेली दिसली तर परत तापवा. शिशाचं सोल्डर असतं, काम झाल्यावर हात धुवा.

काहीही काढण्याआधी मोबाइलवर तीन-चार कोनांतून फोटो काढा. स्ट्रॅटचं पिकगार्ड उघडायला तारा सैल करून बाजूला कराव्याच लागतात, अकरा स्क्रू निघतात. लेस पॉलमध्ये मागचं झाकण काढलं की झालं. पिकगार्ड एकदम उचलू नका, जॅकच्या आणि ग्राउंडच्या वायरी खालून बांधलेल्या असतात, त्या ताणल्या की तुटतात. गिटारवर जुना टॉवेल टाका, वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर कायमचा डाग ठेवतो. आणि वॉरंटी चालू असेल तर हात घालण्याआधी दुकानाला विचारा.

स्वतः करायचं नसेल तर कुणाकडे द्यावी?

गिटार दुरुस्त करणारा माणूस जवळ असेल तर त्याच्याकडे. लहान गावात नसतो. तिथे जुने रेडिओ आणि अॅम्प दुरुस्त करणाऱ्याचा हात सोल्डरिंगला बहुतेक वेळा जास्त स्वच्छ असतो, फक्त त्याला गिटारची जोडणी ठाऊक नसते. कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा आराखडा छापून न्या, पॉटचं मूल्य आणि ‘ए’ हे अक्षर त्यावर पेनाने लिहा, आणि आधी घेतलेले मल्टिमीटरचे आकडे सोबत द्या. परत घेताना तिथेच केबल लावून स्विचच्या सगळ्या जागा ऐका, आणि काढलेले जुने भाग मागून घ्या.